फावल्या वेळात मोबाइलवर बुद्धिबळ: दिवसांचा डाव कसा लावावा आणि कसा खेळावा

लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, दवाखान्यात नंबर यायला वेळ आहे, कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आहेत. अशा वेळी फोन काढून बुद्धिबळाचा डाव लावणारे आता खूप आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचं पुढे काय होतं ते ठरलेलं असतं. स्टेशन येतं, फोन खिशात जातो, घड्याळ चालूच राहतं आणि चांगला रंगलेला डाव वेळ संपल्यामुळे हातचा जातो. असं दहा-बारा वेळा झालं की रेटिंग, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा, खाली आलेलं असतं, चिडचिड वाढलेली असते आणि ॲप काढून टाकलं जातं.

यात खेळणाऱ्याची बुद्धी कमी पडत नाही. तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या वेळात सलग वेळ मागणारा डाव कोंबला, तर दुसरं काही होणारच नाही. अशा वेळेसाठी वेगळा डाव असतो. त्यात एका चालीला एक, तीन किंवा सात दिवस मिळतात. लिचेस आणि चेस डॉट कॉम ही ऑनलाइन बुद्धिबळाची ॲप. लिचेसवर तो कॉरस्पॉन्डन्स या नावाखाली आणि चेस डॉट कॉमवर डेली या नावाखाली सापडेल. इथे मी त्याला दिवसांचा डाव म्हणणार आहे. मोहरे कसे चालतात हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

टप्पा १: आधी स्वतःचा वेळ मोजा

ॲप उतरवण्याआधी करायचं काम हेच. आठवडाभरात फोन हातात घेऊन बसायला कधी आणि किती वेळ मिळतो ते बघा. एकूण वेळ बघू नका, एका बैठकीचा बघा. रोज चाळीस मिनिटं मिळतात म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा पाच-पाच मिनिटांचे आठ तुकडे मिळत असतात.

आता डावाला किती वेळ लागतो ते काढू. डावाच्या नावात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १०+५. पहिला आकडा प्रत्येकाला सुरुवातीला मिळणारी मिनिटं, दुसरा प्रत्येक चालीनंतर घड्याळात भर पडणारे सेकंद. डाव ब्लिट्झ (झटपट) आहे की रॅपिड (त्याहून सावकाश) हे ठरवताना लिचेस चाळीस चालींचा अंदाज धरतं. तोच हिशेब आपणही करायचा: सुरुवातीची मिनिटं, त्यात चाळीस गुणिले वाढीव सेकंद मिळवायचे आणि येणारी बेरीज दुप्पट करायची, कारण समोरचाही तेवढाच वेळ घेणार.

३+२ चा डाव: जवळपास ९ मिनिटं.
१०+० चा डाव: २० मिनिटं.
१०+५ चा डाव: जवळपास २७ मिनिटं.
१५+१० चा डाव: ४३ मिनिटं.

"दहा मिनिटांचा डाव" वीस मिनिटं खातो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. वाढीव सेकंदांचा डाव साठ-सत्तर चालींपर्यंत गेला तर आणखी लांबतो. त्यामुळे हिशेबात येईल त्याच्या दीडपट वेळ कोणी हाक न मारता मिळणार असेल, तरच घड्याळाचा डाव लावा. नसेल तर दिवसांचा डाव.

रेंजचाही विचार करा. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी आत शिरली की तीन मिनिटांचा डाव बाहेर येईपर्यंत संपलेला असतो. कसारा घाटात, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्येही तेच. दिवसांच्या डावाला याने काही फरक पडत नाही.

सावधान: डाव अर्धवट टाकून जाण्याची सवय लागली तर नुसतं रेटिंग जात नाही. वारंवार डाव सोडणाऱ्याला ॲप काही काळ नवीन डाव लावू देत नाही.

टप्पा २: ॲप लावा आणि सेटिंग नीट करा

लिचेस पूर्ण मोफत आहे. त्यात जाहिराती नाहीत आणि ते देणग्यांवर चालतं. नव्याने सुरू करणाऱ्याला मी तेच सुचवेन. चेस डॉट कॉमवर खेळणारे संख्येने जास्त आहेत, पण मोफत खात्यात कोडी आणि डावाचं विश्लेषण मोजकंच मिळतं. तुमचे मित्र तिथे असतील तर तिथे खेळा. पुढचे टप्पे दोन्हीकडे लागू होतात. खातं एकाच ठिकाणी ठेवा, नाहीतर आपली चाल कुठे बाकी आहे याचाच घोळ होतो.

पहिला डाव लावण्याआधी या सेटिंग बघून घ्या.

चाल पक्की करण्याचा प्रश्न चालू ठेवा. मोहरा ठेवल्यावर ॲप "नक्की?" असं विचारतं आणि तुम्ही हो म्हटल्यावरच चाल जाते. हलत्या बसमध्ये अंगठा एका घराऐवजी शेजारच्या घरावर पडतो. तीन आठवडे जपलेला डाव तसा घालवण्यासारखं दुःख नाही. सगळ्या सेटिंगमध्ये ही सर्वांत महत्त्वाची.

डाव सोडण्याआधी आणि बरोबरी मागण्याआधी विचारणा होईल असं करा. ही बटणं छोट्या पडद्यावर हाताशीच असतात.

प्यादं शेवटच्या ओळीत पोचल्यावर आपोआप वजीर होऊ देऊ नका, ॲपला विचारू द्या. बहुतेक वेळा वजीरच हवा असतो. पण कधीतरी वजीर केल्यामुळे समोरच्याला चालच उरत नाही, राजाला शहही नसतो, आणि जिंकलेला डाव बरोबरीत जातो. तिथे हत्ती करून डाव वाचतो.

पटाच्या कडेची अक्षरं आणि आकडे दिसू द्या. शेवटची चाल रंगाने उठून दिसेल असं ठेवा. आवाज बंद करा. कोरीवकाम केलेले, लाकडी दिसणारे मोहरे मोठ्या पडद्यावर छान वाटतात, फोनवर उंट आणि प्यादं सारखंच दिसतं. साधे, सपाट मोहरे निवडा.

नोटिफिकेशन फक्त "समोरच्याने चाल केली" आणि "वेळ संपत आली" या दोन गोष्टींसाठी चालू ठेवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली न वापरलेली ॲप झोपवली जातात आणि नोटिफिकेशन येतच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला त्यातून वगळा.

तपासा: एखाद्या मित्राबरोबर बिनरेटिंगचा डाव लावून दोन-दोन चाली करा. प्रश्न विचारला जातो का? त्याने चाल केल्यावर फोन बंद असतानाही सूचना येते का? दोन्ही होत असेल तर पुढे जा.

टप्पा ३: किती डाव, किती दिवस, कोणाबरोबर

दिवसांच्या डावात एका चालीसाठीचे दिवस आपण निवडतो. लिचेसवर १, २, ३, ५, ७, १० आणि १४ असे पर्याय आहेत. तुम्ही चाल केली की तुमचं घड्याळ थांबतं आणि पुढच्या चालीला पुन्हा पूर्ण दिवस मिळतात. मागचे उरलेले दिवस जमा होत नाहीत.

तीन दिवस घ्या. एक दिवसाचा डाव लग्नकार्य, ताप किंवा परीक्षा आली की हातचा जातो. चौदा दिवसांत आपला बेत काय होता हेच विसरायला होतं. तीन दिवसांच्या डावात चाळीस चाली दोघांनीही अगदी शेवटच्या क्षणी केल्या, तर हिशेबाने डाव २४० दिवस चालेल. प्रत्यक्षात दोघं रोज एक-दोन चाली करत असले की बराच आधी संपतो, पण एवढी तयारी मनात असू द्या.

सुरुवातीला दोनच डाव लावा, एक पांढऱ्यांनी आणि एक काळ्यांनी. हे मी आग्रहाने सांगतो, कारण सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात. पहिल्या दिवशी समोरच्याची चाल येईना म्हणून आणखी एक डाव लावला जातो, मग आणखी एक. आठवड्याने बारा डाव होतात आणि रोज बारा चाली बाकी दिसतात. मग त्या "उरकल्या" जातात. एका डावातला बेत दुसऱ्या डावात खेळला जातो. खेळाचं रूपांतर ऑफिसच्या ईमेलमध्ये होतं. दोन डाव महिनाभर नीट चालवता आले तर चार करा. फावल्या वेळात खेळणाऱ्याने सहाच्या पुढे जाऊ नये, असं माझं मत आहे.

पहिले दोन्ही डाव बिनरेटिंगचे ठेवा. लिचेसवर नवीन खात्याचं रेटिंग १५००पासून सुरू होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह असतं. सुरुवातीच्या काही डावांत हा आकडा भरभर खालीवर होतो. तो तुमची पातळी शोधत असतो, त्याला मनावर घेऊ नका. हात बसला की रेटिंगचे डाव घ्या.

समोर कोण असावं? ओळखीचं माणूस असेल तर उत्तम. पुण्यातला मामा आणि न्यू जर्सीतली भाची यांच्या वेळा कधीच जुळत नाहीत. दिवसांच्या डावात जुळायची गरजच नसते. तो सकाळी चहाबरोबर चाल करतो, ती तिच्या सकाळी.

सावधान: गावाला जायचं असेल आणि तिथे रेंजची खात्री नसेल, तर आठवडाभर आधीपासून नवीन डाव लावणं थांबवा. लिचेसवर सुट्टी टाकण्याची सोय नाही.

टप्पा ४: चाल करण्याचा क्रम

हा टप्पा सावकाश वाचा. दिवसांच्या डावात हातात तीन दिवस असतात आणि तरीही बहुतेक जण वीस सेकंदांत चाल करतात. डाव दोन दिवसांनी उघडल्यावर पट परका वाटतो. आपण काय ठरवलं होतं ते आठवत नाही. डोळ्याला पहिली दिसेल ती चाल केली जाते. म्हणून क्रम ठरवून घ्यायचा आणि प्रत्येक वेळी तोच पाळायचा.

१. मागच्या तीन-चार चाली मागे-पुढे करून बघा. डाव कुठून आला ते आठवतं.

२. समोरच्याच्या शेवटच्या चालीकडे बघा. तो मोहरा आता कशावर रोखलेला आहे? तो हलल्यामुळे मागच्या हत्तीची, उंटाची किंवा वजिराची वाट मोकळी झाली का? आणि हलण्याआधी तो ज्याची राखण करत होता ते आता उघडं पडलं का? तिसरा प्रश्न सगळे विसरतात, आणि फुकट मिळणारे मोहरे बहुतेक वेळा तिथेच सापडतात.

३. पुढची चालही त्याचीच आहे असं समजा. तो कुठे शह देऊ शकतो? काय मारू शकतो? कुठे एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला करू शकतो?

४. आता हेच तीन प्रश्न स्वतःच्या बाजूने विचारा. आधी शह, मग मारामारी, मग धमक्या.

५. दोन चाली निवडा. एकच सुचली असेल तर तुम्ही अजून पुरतं बघितलेलं नाही.

६. त्यातली एक मनात करून बघा आणि समोरच्याचं सर्वांत त्रासदायक उत्तर शोधा. आपल्याला आवडेल ते उत्तर तो देईल, असं धरून चालू नका.

७. चाल ठेवा. ॲप "नक्की?" विचारेल तेव्हा पटावर चाल झालेली दिसत असते. त्या नव्या चित्राकडे एकदा डोळे भरून बघा, मगच हो म्हणा.

हे सगळं तीन-चार मिनिटांत होतं. डाव अवघड जागी आला तर चाल न करता ॲप बंद करा. सकाळी बघायचं, दिवसभर डोक्यात घोळू द्यायचं आणि संध्याकाळी करायची. दिवसांच्या डावाची खरी गोडी यातच आहे. भाजी निवडताना, रिक्षाच्या रांगेत, अचानक ती चाल दिसते. फोन हातात नसतानाही डाव सोबत असतो.

एक डाव जवळून बघू. घराचं नाव म्हणजे पटाच्या कडेचं अक्षर आणि आकडा. तुम्ही काळ्यांनी खेळताय. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं ई४ वर आणलं, तुम्ही ई५. त्याने घोडा एफ३, तुम्ही घोडा सी६. त्याने उंट सी४, तुम्ही दुसरा घोडा एफ६. आता त्याचा घोडा एफ३ वरून जी५ वर आला. क्रमाने विचारा: हा घोडा कशावर रोखलेला आहे? एफ७ च्या प्याद्यावर. तिथे आणखी कोणाचा डोळा आहे? सी४ च्या उंटाचा. राखायला फक्त तुमचा राजा. म्हणजे एफ७ पडणार. उंटाची वाट अडवायला तुम्ही डी५ वर प्यादं टाकता, आणि तेच बरोबर आहे. त्याने ते ई४ च्या प्याद्याने मारलं.

इथे घाईत असलेला माणूस एफ६ च्या घोड्याने डी५ चं प्यादं उचलतो. गेलेलं प्यादं परत घेतलं, यात काय चुकलं? सहावी पायरी करून बघा: समोरच्याचं सर्वांत त्रासदायक उत्तर कोणतं? त्याचा जी५ चा घोडा एफ७ चं प्यादं मारतो आणि एकदम तुमच्या वजिरावर आणि हत्तीवर रोखला जातो. तुम्ही राजाने तो घोडा मारता. लगेच त्याचा वजीर एफ३ वर येऊन शह देतो आणि त्याच वेळी डी५ च्या घोड्यावरही नजर ठेवतो. घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर यावं लागतं, पटाच्या मधोमध, सगळ्यांच्या तोंडी. अशा राजाला सांभाळणं अनुभवी खेळाडूलाही जड जातं, नवख्याचा डाव तर तिथेच संपतो.

थांबून बघणाऱ्याला दुसरी चाल दिसते: सी६ चा घोडा ए५ वर. डी५ चं प्यादं ज्या घोड्याला मारायला टपलं होतं तो निसटला, आणि उलट त्याने पांढऱ्याच्या उंटालाच हात घातला. एक प्यादं कमी राहतं, पण तुमचे मोहरे भराभर बाहेर येतात आणि राजा जागेवर राहतो. दोन चालींमधला फरक एवढा मोठा आहे आणि तो कळायला तीन मिनिटं पुरतात. घड्याळाच्या डावात ती मिळत नाहीत, इथे तीन दिवस मिळतात.

काय चालतं, काय चालत नाही. दिवसांच्या डावात सुरुवातीच्या चालींची पुस्तकं आणि खेळल्या गेलेल्या डावांचा संग्रह बघायला परवानगी आहे. ॲपमध्येच विश्लेषणाचा पट उघडून मोहरे हाताने हलवून बघता येतात. वरचं उदाहरण संग्रहात बघितलंत तर घोडा ए५ हीच मळलेली वाट आहे हे लगेच दिसेल. घरी लाकडी पट असेल तर त्यावर डाव मांडून ठेवा, त्यासारखं सुख नाही.

पण इंजिनला, म्हणजे चांगली चाल शोधून देणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला, विचारायचं नाही. दुसऱ्या ॲपमध्ये तीच मांडणी करून "बघू तरी काय म्हणतंय" असं करणं ही फसवणूक आहे. ती पकडली जाते आणि खात्यावर कारवाई होते. शेजारी बसलेल्या जाणकार मित्राने चाल सुचवणंही चालत नाही. त्याला डाव दाखवायचाच असेल तर संपल्यावर दाखवा.

तपासा: दोन-तीन शब्दांचं टिपण प्रत्येक डावाला ठेवा. "राजाच्या बाजूने हल्ला, एच-प्यादं पुढे" एवढंसं. डावाच्या खासगी टिपणात किंवा फोनच्या नोट्समध्ये. पुढच्या वेळी डाव उघडल्यावर पहिलं मिनिट वाचतं.

टप्पा ५: "असं झालं तर" चाली

समोरच्याची पुढची चाल कधीकधी ठरल्यासारखी असते. तेव्हा आपलं उत्तर आधीच नोंदवून ठेवता येतं. त्याने तीच चाल केली तर तुमची चाल आपोआप जाते. लिचेसच्या संकेतस्थळावर ही सोय विश्लेषणाच्या पटावर आहे, आणि चेस डॉट कॉमच्या डेली डावातही मिळते.

वरच्याच डावात तुमचा घोडा ए५ वर गेल्यावर पांढरा बहुधा उंट बी५ वर आणून शह देईल. तुम्ही आधीच नोंदवू शकता: उंट बी५ आला तर प्यादं सी६, त्याने ते प्याद्याने मारलं तर बी-प्याद्याने परत मारायचं. दोन दिवस वाचतात.

ही सोय फक्त तिथेच वापरा जिथे दुसरं काही करण्यात अर्थच नाही: परत मारायचं आहे, किंवा शहाला एकच चांगलं उत्तर आहे. "तो बहुतेक हेच करेल आणि मग मी बहुतेक हे करेन" अशा अंदाजाने पाच-पाच चालींची साखळी लावून ठेवणं म्हणजे टप्पा ४ वर पाणी सोडणं.

सावधान: त्याने वेगळी चाल केली तर नोंद रद्द होते आणि तुमचं घड्याळ चालू होतं. "मी तर लावून ठेवलंय" म्हणून निर्धास्त राहू नका.

टप्पा ६: चाल नसेल तेव्हा कोडी

दोनच डाव लावल्यावर दिवसाचा बराच वेळ करायला चाल नसते. त्या मिनिटांसाठी कोडी, म्हणजे मांडून दिलेल्या पटावर योग्य चाल शोधणं. लिचेसवर ती अमर्याद आणि मोफत आहेत. ॲप काही कोडी आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे बोगद्यातही सोडवता येतात.

मिसळीची कोडी लगेच सुरू करू नका. विषय निवडा. पहिले पंधरा दिवस एका चालीत मात आणि राखण नसलेले मोहरे. मग दुहेरी हल्ला. मग पिन, म्हणजे मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे पुढच्याला हलता न येणं. मग शेवटच्या ओळीवरची मात, जिथे राजा स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला असतो. काठिण्य "सोपं" ठेवा. दहातली आठ बरोबर येतील इतकं सोपं हवं. अवघड कोड्यात डोकं खाजवत बसण्यापेक्षा सोप्या आकृत्या नजरेत बसणं फावल्या वेळात जास्त कामाचं, कारण त्याच आकृत्या टप्पा ४ मध्ये दिसायला लागतात.

नेहमीची चूक: पहिली चाल अंदाजाने ठोकायची, चुकली की उत्तर बघायचं आणि पुढे जायचं. यातून हाताला काहीच लागत नाही. शेवटच्या चालीपर्यंत मनात दिसल्याशिवाय मोहऱ्याला हात लावू नका. चुकलंच तर तेच कोडं पहिल्यापासून पुन्हा सोडवा, मग पुढचं.

तीन मिनिटांत जमतील तेवढी कोडी सोडवण्याचा पझल स्टॉर्म हा प्रकार गमतीचा आहे. पण चुकीला दहा सेकंद कापले जातात, आणि खेळता खेळता तीन मिनिटांची तीस कधी होतात ते कळत नाही. रांगेत उभे असाल तर तो टाळा. पझल स्ट्रीकला घड्याळ नसतं. कोडी हळूहळू अवघड होत जातात आणि पहिल्या चुकीला खेळ संपतो. तो मला जास्त आवडतो, कारण त्यात घाई करणाऱ्याला काहीच मिळत नाही.

टप्पा ७: चव बदलायला वेगळे नियम

नेहमीच्या डावात हात बसल्यावरच इकडे या. हे प्रकारही लिचेसवर दिवसांच्या डावात खेळता येतात.

तीन शह: तीनदा शह दिला की जिंकलात. इथे मोहऱ्याची किंमत बदलते. एक उंट देऊन एक शह मिळत असेल तर तो सौदा फायद्याचा ठरू शकतो. म्हणून टप्पा ४ मधली तिसरी पायरी, म्हणजे त्याचे शह मोजणं, इथे दुप्पट काळजीने करा.

टेकडीचा राजा: डी४, ई४, डी५, ई५ या मधल्या चार घरांपैकी एकात आपला राजा सुखरूप पोचला की जिंकलात. नवखे इथे सवयीने वजिरावजिरी करतात. दोन्ही वजीर गेले की राजाला अडवायला कोणी उरत नाही आणि जो एक पाऊल पुढे असेल तो जिंकतो. वजीर मारण्याआधी दोन्ही राजांची पावलं मोजा.

चेस ९६०: मागची ओळ प्रत्येक डावात वेगळी लागते, म्हणून पाठ केलेल्या सुरुवाती उपयोगाच्या नाहीत. पहिल्याच चालीला आपलं कोणतं प्यादं कोणाच्याच राखणीत नाही ते बघा. लिचेसवर या प्रकारात कॅसलिंग करायला राजा उचलून स्वतःच्या हत्तीवर ठेवायचा असतो. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण कॅसलिंग होतच नाही समजून बसतात.

टप्पा ८: डाव संपल्यावर

हरलात तर लगेच नवीन डाव लावू नका, आणि राग काढायला तीन मिनिटांचे डाव तर मुळीच नको. रात्री साडेअकराला "आता एक जिंकून झोपतो" म्हणून बसलेला माणूस सहसा जिंकूनही झोपत नाही.

आधी डाव स्वतः बघा, इंजिनशिवाय. कुठे पारडं फिरलं असं तुम्हाला वाटतं ती चाल लिहून ठेवा. त्यानंतर संगणकाचं विश्लेषण मागवा. लिचेसवर ते मोफत मिळतं. "आपल्या चुकांतून शिका" अशा अर्थाचा पर्याय दिसेल, तो घ्या. ॲप तुम्हाला चुकीच्या जागी नेऊन उभं करतं आणि चांगली चाल शोधायला लावतं. तुम्ही लिहिलेली जागा आणि इंजिनने दाखवलेली जागा वेगळी निघाली तर तिथे थोडं थांबा, कारण ती चूक तुम्हाला दिसतच नव्हती.

एका डावातून एकच गोष्ट उचला. इंजिन वीस सुधारणा दाखवेल, त्यातल्या बऱ्याच तुमच्या-माझ्या कामाच्या नसतात. "घोडा दुहेरी हल्ला करतो ते मला दिसत नाही" एवढं सापडलं तर पुढचा आठवडा त्याच विषयाची कोडी सोडवा.

डाव हातचा गेला असेल तर सरळ सोडा. रागाने चालच न करता समोरच्याला तीन दिवस ताटकळत ठेवणं वाईट दिसतं. पण समोरचाही तुमच्याच पातळीचा असेल आणि पटावर थोडीफार गुंतागुंत शिल्लक असेल, तर इतक्यात सोडू नका. तोही स्टेशन यायच्या गडबडीतच चाल करत असेल.